झोपवून मोजलेली नाडी

हॅलो?… हो, दवाखान्यातून डॉक्टरच बोलतेय. सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटं आडवी पडलीस ना?… नाडी?… सत्तर. बरं. सासूबाई जवळ आहेत?… असू दे तोंड फुगलेलं, जवळ आहेत ना! आता सावकाश उभी राहा. भिंतीला टेकायचं नाही.

हो, हो… अगं ऐक ना. पार्लरच्या मालकिणीनं माझंच सर्टिफिकेट तुझ्यापुढे नाचवलं?… "प्रकृती ठणठणीत". हो, सही माझीच… बहाणे करतेस, उद्यापासून कामाला येऊ नकोस म्हणाली?… थांब. आधी नाडी. दोन मिनिटं झाली… अठ्ठ्याण्णव.

नाही गं, घाबरल्यामुळे नाही. "मनाचा ताण" लिहून मीही मोकळी झाले होते. आज दुपारी तुझे जुने कागद काढले. तीनदा आलीस. तिन्ही वेळा आमच्या सिस्टरनं काय केलं?… बरोबर! "पड जरा निवांत, मग बघते." शिस्त माझीच. तू दिवसभर उभ्यानं केस कापणार, त्रास उभं राहिल्यावर होणार, आणि आम्ही नाडी मोजली झोपवून! काखेत कळसा नि गावाला वळसा.

पाच मिनिटं झाली? मोज… एकशे चोवीस? पुन्हा मोज… पाय जांभळे दिसतायत?… अंधारी येतेय? बस, पुरे! आडवी हो!… हॅलो? हॅलो?…

कोण, सासूबाई का? पडली नाही ना?… बरं झालं धरलंत. पायांखाली उशी ठेवा, लगेच उठवू नका… नाही हो ताई, नाटक नाही. उभं राहिलं की हिचं रक्त पायांत साठतं आणि हृदय धावत सुटतं. पॉट्स म्हणतात, मला तोच संशय आहे. उद्या सकाळी घेऊन या. रक्तदाबही झोपवून आणि उभं करून बघते, ईसीजी काढू, रक्त तपासू, मग हृदयाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देते… तोवर भरपूर पाणी. मीठ किती वाढवायचं ते तपासल्यावर सांगते. घट्ट लांब मोजे लागतील, आणि कामाला उंच स्टूल… हो, मालकिणीशी मीच बोलते. ऐकेल की नाही, देव जाणे.

काय पुटपुटतेय ती?… "मी खोटं बोलत नव्हते"?… नव्हतीच. आठ महिने खरंच सांगत होती पोर. चुकले मी… अहो, तुम्ही कशाला रडता? तुम्ही तर माझ्या सहीवर विश्वास ठेवलात… नाही, फोन तिच्याकडे नका देऊ. ती खरंच बोलत होती, हे तुम्हीच सांगा तिला. डॉक्टरांचं फार ऐकलंय तिनं… सांगा. ठेवते मी.