मुद्दा तिसरा, मालू मॅडम

पनवेल डेपोत उरणच्या बसच्या रांगेत ताहिराने कानातला एक इयरफोन हळूच काढला. पुढच्या दोघींचं बोलणं गाण्यापेक्षा रंगात आलं होतं.

"काय गो मालू, उलव्याच्या साइटवर तू चाय देतेस ना? मग मीटिंगमधी कशी बोललीस?"

"चायच द्यायला गेलेली. सायेब नकाशावर बोट ठेवून बोलले, गोदाम इथं. मी बोलली, तिथं आमचं मिठागर होतं, भरतीला खालून पानी येतं."

"मग?"

"सायेब बोलले, 'मालू, चाय ठेव आनि जा.' पन टेबलावर एआयवाला मोबाईल होता. तो सगळ्यांचं बोलनं लिवून हेड ऑफिसला धाडतो."

"तुझं पन लिवलं?"

"तीन नंबरला! नावासकट. हेड ऑफिसनं काम थांबवलं, आनि विचारतात, या मालू मॅडम कोन?"

"अगो बाय! सायेब काय बोलले?"

"आजपासून चाय दाराबाहेर ठेवायची."

"म्हंजे परत तोंड बंद."

"बंद कशाला? आज दारातूनच ओरडली. सायेब, चाय ठेवलीय, आनि गटाराचा उतार पन उलटा हाय!"