उलटा बसलेला हब

…नाही नाही, हॉर्न तेवढा वाजवू नका. बाकी काय हवं ते करा. वर सासरेबुवा झोपलेत – झोपलेत म्हणजे काय, पडलेत, झोप कुठली, कान लावून पडलेत. हॉर्न ऐकला की ते काठी आपटणार, काठी आपटली की आमची ही वर धावणार, आणि मग तुमचं-माझं बोलणं राहिलं बाजूला. व्हॅन आत घेतलीत ना? बास. बसा त्या टायरवर. त्यावर नको, तो ग्रीसने माखलाय, शेजारच्यावर. पाणी देऊ? बरं, राहिलं. सकाळीच फोन आला तुमच्या मालकीणबाईंचा – ड्रायव्हर पाठवतेय, हत्यारांसकट कामावर रुजू व्हा. येतो ना. नाही कोण म्हणतंय? हा एवढा शाफ्ट गिअरबॉक्सच्या पेटीत घातला, झाकण लावलं, की मी मोकळा. आता इतकी वाट पाहिलीत तर अजून थोडी.

जावई म्हणा की. संकोच कसला? इथे सगळे तेच म्हणतात. सासरेबुवांचं गॅरेज, त्यांचा जावई – पलीकडचा वेल्डर जावई म्हणतो, गिऱ्हाईक जावई म्हणतं, परवा एक एवढासा पोरगा सायकल घेऊन आला आणि म्हणाला, जावई, हवा भरा. अरे, मी काय सगळ्या गल्लीचा जावई आहे का? मला माझं नाव कधी ऐकू येतं सांगू? बँकेत. तिथला माणूस हाक मारतो आणि मी बसूनच राहतो, वाटतं दुसऱ्या कुणाला मारली. तुमच्या बाईंनी त्या दिवशी नावाने विचारलं – अमुक अमुक आपणच ना? – तर मी चक्क मागे वळून पाहिलं. हसा, हसा. मीही हसलो होतो तेव्हा. पण घरी येईपर्यंत ते नाव मनात घोकत होतो हो.

आणि वर्कशॉप पाहिलं ना मी तुमचं! गाडी अशी वर उचलायची, खाली उभं राहून काम करायचं – आयुष्यभर पाठीवर पडून तेल तोंडात घेतलंय मी. तिथे उजेड आहे, खिडक्या आहेत. आणि डोक्यावर काठी नाही. ही गोष्ट तुम्हाला नाही कळायची. इथे मी पाना फिरवला आणि तो घसरला तर वरून ठक. हातोडी जरा जोरात पडली – ठक. जिभेवर शिवी आली तरी – नाही, ती गिळतो मी. बाजार करायला बाहेर पडलो ना, तरी वर बघतो. सवय.

ही बघा, ही ती गाडी. लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवलीय, चाकं अधांतरी. सासरेबुवांची पहिली गाडी. आमच्या हिचा जन्म झाला तेव्हा दवाखान्यातून तिला याच गाडीतून घरी आणलं, मागच्या सीटवर. आता अशी गाडी रस्त्यावर दिसत नाही, पार्ट मिळत नाहीत, अर्धे मी लेथवर करून घेतलेत. इंजिन झालं, ब्रेक झाले, रंग झाला – राहिला गिअरबॉक्स. आणि आमच्या घरात ठरलेलं असं, की गाडी चालती झाली की सासरेबुवा तिच्यात बसून मेहुण्याकडे राहायला जाणार, दुसऱ्या गावाला, आणि मग आम्ही दोघं तुमच्याकडे. त्यांनीच घातलेली अट. दुसऱ्या गाडीतून हलणार नाही म्हणाले. बरं म्हटलं. एका गिअरबॉक्सचा तर प्रश्न, म्हटलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

हा शाफ्ट धरा जरा. धरा हो, चावत नाही. असा आडवा. हे कडं दिसतंय ना – याला हब म्हणतात. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या मधे बसतो. याच्यावरची रिंग इकडे सरकली की तिसरा, तिकडे सरकली की चौथा. याला एका अंगाला उंचवटा आहे, दुसरं अंग सपाट. आणि खोड अशी की हा दोन्ही बाजूंनी बसतो. उलटा बसवा, कुठे अडणार नाही, झाकण लागेल, गिअरही पडेल. फक्त तिसऱ्यात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलात की गिअर सुटला. आपोआप. मग परत सगळं खाली उतरवा, परत खोला. नवशिका असतो ना, त्याच्या हातून हमखास होतं हे. मी नवशिका नाही.

पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, झालं असेल, नजरचूक. गाडी सुरू केली, चाकं हवेत फिरतायत, सासरेबुवा वर काठीचं एक टोक जमिनीला आणि एक कानाला लावून ऐकतायत – पहिला, दुसरा, तिसरा, आणि सुटला. ठक. मी पेटी उतरवली, खोलली, हब उलटा. स्वतःला काय काय बोललो म्हणून सांगू. सरळ केला, आणि या वेळी पंचने ठिपका मारला, हा बघा, या अंगाला. ठिपका पुढे म्हणजे बरोबर. शाफ्ट तयार केला, फडक्याखाली झाकून ठेवला आणि गेलो जेवायला. दुसऱ्या दिवशी पेटी बंद केली, गाडीत चढवली, सुरू केली – तिसरा परत सुटला. खोलतो तर ठिपका मागे.

भूत? माझ्याही मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. मग ही सर्क्लिप पाहिली. हब जागचा हलू नये म्हणून पुढे बसते ती ही तुटक्या कड्यासारखी. हिचं तोंड कुठेही आलं तरी चालतं, मी बसवतो कशीही. पण सासरेबुवांचा नेम – तोंड बरोबर वरच्या खाचेवर. उगाच. काही फरक पडत नाही, नुसता नेम. तर या सर्क्लिपचं तोंड वरच्या खाचेवर, अगदी नेमकं. आता सासरेबुवा तर जागचे उठत नाहीत. मग या घरात त्यांच्या हाताखाली अजून कोण शिकलंय? ही परकरात होती तेव्हापासून इथे बसायची. मेहुण्याला तेलाचा वास सहन व्हायचा नाही, तो कधी जिना उतरला नाही. ही मात्र डोळे मिटून बेअरिंग ओळखते.

तिला विचारलं का म्हणता? काय बोलणार होतो? कळलं तेव्हा आधी संताप आला. असा आला की हा शाफ्ट भिरकावून द्यावा. माझं आयुष्य आहे ना हे, का नाही? मग वर गेलो. ही बापाचे पाय चेपत बसलेली. मला म्हणाली, साबण संपलाय, उद्या आणाल? म्हटलं, आणतो. बास. एवढंच बोललो आम्ही. मी खाली येऊन हब सरळ करायचा, तिने उलटा करायचा. मी सरळ, ती उलटा. किती वेळा ते विचारू नका. गिअरबॉक्स नाही हो राहिला तो, आमच्या घरातली ती एवढीच बोलायची जागा होती. तिला मेहुण्याचं घर माहितेय. वहिनी कशी आहे तेही माहितेय. तिथे म्हातारा महिनाभर टिकायचा नाही, हे तिलाही कळतं आणि मलाही. पण ती ‘जाऊ नका’ म्हणायला तयार नाही, आणि मी ‘नाही जात’ म्हणायला तयार नाही.

हात दुखला? द्या इकडे. थांबा, उठू नका. एवढं ऐकलंत तर पुढचंही ऐका, नाहीतर हे सांगायला मला रात्री कोणाला तरी उठवावं लागेल.

काल हब सरळ बसवला. फडकं टाकलं, जेवून आलो, फडकं काढलं. ठिपका पुढे. सर्क्लिप मी ठेवली होती तशीच, वाकडी. हातच लावला नव्हता तिने. मला इतका आनंद झाला! नाचायचा बाकी राहिलो. सुटलो म्हटलं. धावत वर गेलो, म्हटलं आता कपडे भरायला घेऊ, तर पलंगावर बॅग भरून तयार. माझे शर्ट, माझं दाढीचं सामान, माझ्या गोळ्या, जास्तीचा चष्मा – एक एक वस्तू घडी घालून. आणि तिचं काही नाही. तिचा कंगवा फळीवर, तिच्या चपला दाराशी. ती बापाला भरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,

“झाकण लावा आणि निघा. पेटी गाडीत मी चढवून घेते वेल्डरकडून.”

तू? म्हटलं. तर म्हणाली, “बाबांचं बघायला कोणीतरी हवं ना.”

आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आता मला सांगा, याला काय करायचं माणसाने? तिने अडवलं असतं ना, तर मी गेलो असतो. खरं सांगतो. भांडून गेलो असतो, दार आपटून गेलो असतो, आणि महिन्याभरात तीही आली असती मागून. पण ही दार उघडून उभी. माझ्या गोळ्या मोजून भरल्यात हो तिने! रात्रभर छताकडे बघत पडलो होतो. जायचंय मला. अजूनही जायचंय. इथे गुदमरतो मी. त्या काठीला वैतागलोय, या अंधाराला वैतागलोय, जावई शब्दाला वैतागलोय. आणि पाय निघत नाही, तर काय करू? कापून टाकू?

थांबा. ती पक्कड द्या. ती नाही, बारीक चोचीची, हां.

काय बघताय? सर्क्लिप काढतोय. हा गिअर सरकवला, हा हब काढला – बघा किती सोपं आहे, दोन मिनिटांचं काम. मी जर तिला म्हटलं की तुझ्यासाठी राहतो, तर ती मला हाकलून देईल. आणि नाहीच हाकललं तर जन्मभर मनाला लावून घेईल की माझ्यामुळे हा अडकला. मग मीही एखाद्या दिवशी रागाच्या भरात तेच तिच्या तोंडावर फेकेन, मला माहितेय मी कसा आहे. त्यापेक्षा हे बरं. कोणी कोणासाठी काही केलं नाही. गिअरबॉक्स झाला नाही, संपलं.

हो. उलटाच बसवतोय. डोळे आहेत मला.

बाईंना सांगा, जुनं काम आहे, वेळ लागतोय. किती? ते नका विचारू म्हणावं. दुसरा माणूस बघा म्हणावं, चांगला बघा, घाई करू नका. आणि इथलं हे सगळं त्यांना सांगू नका, एवढं माझं ऐका. तुम्ही भले गृहस्थ दिसता म्हणून बोलत गेलो. नाहीतर मी कोणाशी बोलत नाही, विचारा गल्लीत.

श्श. जिन्यावर तीच आहे. उठा, उठा तुम्ही. किल्ली काढा.

अगं, ये. इकडे ये जरा, हे बघ ना काय झालंय – हब परत उलटा बसलाय. परत खोलावं लागणार सगळं… हे? हे निघाले… हो. एकटेच.