अनसूयाकाकूंच्या दारातला ढापा

मंडळी, एक विचारतो. लोकांची दहा कामं केली आणि अकरावं राहून गेलं, तर त्या माणसाला देव कशानं ओळखणार? केलेल्या दहांनी, की राहिलेल्या एकानं? लगेच माना हलवू नका, आधी ऐका.

उंबरठाण नावाचं तालुक्याचं गाव. तिथल्या कोष्टी गल्लीत सुलभा नावाची बाई होती. घरी शिवणकाम करायची. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, गल्लीनं हिला उभं केलं, आणि आली की निवडून! बरं, नगरसेविका कशी? तर निवडणुकीनंतरही दिसणारी! हसू नका, असतात अशीही माणसं.

गल्लीत नळ होते, पाणी नव्हतं. सुलभानं नगरपालिकेत खेटे घातले. साहेब भेटले नाहीत, तर त्यांच्या दाराशीच बसायची, मांडीवर ब्लाऊज घेऊन काजं करत. शेवटी साहेबच कंटाळले, मंडळी!

त्याच दिवसांत अनसूयाकाकू तिच्याकडे आल्या. पंचाहत्तरीच्या, घरात त्या आणि त्यांचे यजमान दामूकाका, दोघंच. काकूंच्या दारासमोर गटारीवरचं झाकण, आपण ढापा म्हणतो ना, तो फुटला होता. तेवढा नवा टाकून दे, म्हणाल्या. सुलभानं वहीत लिहून घेतलं. महिन्यानं काकू पुन्हा आल्या, तेव्हा पाइपलाइनचं खोदकाम चाललं होतं. तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा ती घाईनं चपला घालत होती. "काकू, पाणी आलं की पहिलं तुमचंच काम," म्हणाली. काकू हसल्या आणि परत गेल्या.

पाणी आलं! बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. त्या कौतुकात वही तशीच राहिली. पंधरा दिवसांनी, सकाळी, काकू पूजेची फुलं आणायला निघाल्या आणि पाय त्या भगदाडात गेला. खुबा मोडला. अंथरुणाला खिळल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत; तशाच गेल्या.

गल्ली म्हणाली, ताई, तुमचा काय दोष? पाणी आणल्याबद्दल तिचा सत्कार ठरला होता, तोही कुणी रद्द केला नाही. पण सुलभा त्या मांडवात गेली नाही. ती दामूकाकांच्या उंबऱ्याशी जाऊन बसली.

"काका, काकू तीनदा आल्या होत्या. मी विसरले."

बस, एवढंच. कामाचा व्याप सांगितला नाही, साहेबांचं नाव घेतलं नाही. काकांनी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाले, "ती म्हणायची, पोरीला घाई करू नका. सगळी गल्ली तहानलेली आहे. आपण काय, वळसा घालून जाऊ."

काका रागावले असते तर सोसलं असतं, मंडळी. हे कसं सोसायचं?

दुसऱ्या दिवशी ढापा बसला. एका सकाळचं काम! पण काकांनी त्यावर कधी पाय ठेवला नाही. दुधाला निघाले की तिथं थांबायचे, आणि वळसा घालून जायचे. सुलभा आपल्या खिडकीतून बघायची. पुढं ती पुन्हा निवडून आली, कामं केली, पण गळ्यात हार मात्र कुणाला घालू दिला नाही.

पेटीवाले, जरा थांबा. तुम्ही म्हणाल, बुवा, चुकली ती. चुकलीच! तिनं स्वतःच कबूल केलं. पण त्या गल्लीत वीस-बावीस घरं होती. सगळी माणसं रोज त्या भगदाडावरून टांग टाकून जात होती. एकाच्याही घरी जाडशी फळी नव्हती? मत दिलं, म्हणजे शेजारपणही तिच्यावर सोपवून मोकळे झालात? सुलभाला देव कशानं ओळखील, ते देव जाणे. आपल्याला मात्र तो एकच विचारील: तुला दिसत होतं ना?

तुमच्या दारापासून या मंडपापर्यंत आज तुम्ही कशाकशाला वळसा घालून आलात, ते आठवा. मग टाळ उचला. आणि आज जरा हळू वाजवा.