झाकणावरचा परतावा

…तर मालक म्हणे, "परत आलेल्या साड्यांचे पैसे वजा कर, झालं!" झालं? अहो, वजा करायला ते कुठं लिहिलेलं तर पाहिजे! तुम्हाला सांगतो, मी कडुबा, औरंगपुऱ्यात फारूखभाईंच्या साडीच्या दुकानात बावीस वर्षं हिशेब लिहितोय, अन् परवा गल्ल्यात साडेअठराशे रुपये कमी! दुसऱ्या दिवशी सिल्लोडला माझ्या मोनिकाचा साखरपुडा, पाचची बस, अन् फारूखभाई म्हणतात, "पहले हिसाब मिला, फिर जा." बापाशिवाय साखरपुडा उरकायचा का आता? जीव नुसता टांगणीला! आलेलं गेलं, गेलेलं आलं, पण जुळलं नाय!

आता ही भानगड ऐका. गिऱ्हाईक पैसे देतं फोनवरून, साडी परत करून घेऊन जातं नगद. बरं, लगेच वहीत लिहावं? नाय! बोहनीआधी परतावा लिहायचा नाय, हा मालकाचा नेम. "अरे कडुबा, बोहनी के पहले वापसी लिखे तो बरकत जाती रे!" मग मी यायच्या आधी साडी परत आली, की ते पैसे देणार, अन् समोरच्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीनं टिपणार. बोहनी झाली की ते मी वहीत उतरवायचं. पण बोहनीची साडी पॅक कशात होते? त्याच खोक्यात! झाकणासकट! म्हणजे माझा पुरावा गिऱ्हाइकाच्या कपाटात!

बोहनी कुणाची झाली ते आठवेना, म्हणून त्या दिवशीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन लावले ना मी, सतरा! खुलताबादच्या एका बाईंना म्हटलं, "ताई, जरा झाकणावर काय लिहिलंय बघता का?" तर म्हणे, "का हो, बक्षीस लागलं का?" दुसरी म्हणे, "त्यात शेवया ठेवल्यात, आता उघडणार नाय." हात जोडले हो मी, फोनवर! रडायचंच बाकी होतं! आलेलं गेलं, गेलेलं आलं, पण जुळलं नाय!

साडेचार झाले. बसस्टँडवरून बायकोचा फोन. "अहो, निघालात का?" मी जो सुटलो! "कसला निघतोय! कुण्या बयेनं साडी परत करून साडेअठराशे नेलेत, सापडू दे, चांगला पाणउतारा करतो तिचा!"

पलीकडून हळूच, "मोरपंखी होती का हो?"

"कोणती मोरपंखी?"

"तुम्हीच आणली होती की मला, साखरपुड्याला! तो काय रंग हाय व्हय? सकाळी देऊन आले, मोनिकाला सँडल घेतले."

फारूखभाईंना विचारलं, तर म्हणे, "हां, भाभी आई थी. लिखा था ना मैंने, झाकण पे!"

लिहिलं. परतावा, लीलाबाई, साडेअठराशे. जुळलं! बस गाठली. पण तुम्हाला सांगतो, फुलंब्री गेली अन् माझ्या डोक्यात जुना हिशेब सुरू झाला. दर दिवाळीला मी हिला साडी नेतो… अन् दर दिवाळीनंतर गल्ला हजार-दीड हजारानं कमी भरतो… अन् मी, इमानदार माणूस, मुकाट्यानं खिशातून भरतो! बावीस दिवाळ्या! साडीचे पैसे माझे, परताव्याचेही माझेच!

शेजारी बसलेल्या बायकोला म्हटलं, "लीला, खरं सांग. मी आणलेली एक तरी साडी ठेवलीस का गं?"

"ठेवली की एक," ती म्हणाली. "सेलमधली होती. परत घेईनात."