नळाखाली धरलेली लेन्स

तुम्हाला काय वाटतं, माझं लग्न पोह्यांमुळे ठरलं? छे गं! लेन्समुळे!

आम्ही तेव्हा अंबरनाथला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये होतो. मुलगा बघायला येणार म्हणून आईने बजावलं होतं, "चष्म्याचा विषयसुद्धा काढायचा नाही!" मग काय, उल्हासनगरहून लेन्स आणल्या. मुलगा जवळच्याच जांभूळ गावी, पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर इंजिनियर.

पोह्यांची डिश त्याच्यापुढे केली आणि मिरच्या चिरलेल्या हाताने मी डोळा चोळला! बापरे, काय आग! धावले मोरीत, लेन्स काढून तळहातावर घेतली. आईने धावत येऊन नळ सोडला, तोच मागून आरोळी, "थांबा! लेन्सला नळाचं पाणी नको!"

मुलगा थेट मोरीच्या दारात! मागोमाग आमचे बाबा, चिडलेले. "अहो, हे पाणी तुमच्याच प्लांटवरून येतं ना?"

"येतं ना! पण आम्ही ते प्यायला पाठवतो, लेन्स धुवायला नाही! तुम्ही डोळ्यावर पाणी मारा, हात साबणाने धुऊन पुसा, आणि लेन्स सोल्युशननेच धुवा."

मी रडकुंडीला आले. "सोल्युशन सकाळीच संपलंय हो!"

त्याने गपचूप पँटच्या खिशातून छोटी बाटली काढली. सोल्युशनची! आम्ही सगळे बाटलीकडे बघतोय, तेवढ्यात त्याची आई दारात आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली,

"मेल्या, तुलापण बजावलं होतं ना, चष्म्याचा विषय काढायचा नाही म्हणून!"