बिजलीनाथच्या नावाचं पान

सौंसरच्या बसस्टँडवर तृप्तीच्या मागच्या बाकड्यावर पिकल्या केसांची दोन माणसं कॉमिक्सवरून हमरीतुमरीवर आली होती. तिनं कानातलं गाणं बंद केलं.

"गुणवंता, ज्या अंकात हेर बिजलीनाथ मरते, तोच सगळ्यात भारी."

"काहीही नको सांगू केशवा! पुढच्याच अंकात तो जित्ता निंघते. तो भारी!"

"जित्ता? अबे, मी दरसाल पित्रात त्याच्या नावानं पान ठेवतो."

"कावळा शिवते?"

"लगेच शिवते!"



"मंग पुढच्या अंकांत उडून रायला तो कोन?"

"दुश्मनाचा हेर असन. वेश बदलून आला असन."

पांढुर्ण्याची बस लागली. तिघांतलं कोणीच उठलं नाही.

"म्हंजे केशवा, अख्खी जिंदगी मी दुश्मनासाठी टाळ्या वाजवल्या?"