सूनबाई, खालचा गियर!

तुम्ही हसाल, पण खरं सांगते. माझे मामंजी, म्हणजे सासरे, देवास-बागली रूटवर तीस वर्षं बस चालवून रिटायर झाले. माझ्या ऑटोमॅटिकला ते गाडी मानतच नाहीत. "क्लच नाही, गियर टाकायचा नाही, ये कोई गाडी है?"

परवा त्यांना शेजारी बसवून बागलीला निघाले. पुढे सोयाबीनची ट्रॉली रेंगाळत होती. मी ओव्हरटेकला गाडी काढली, तोच समोरून ट्रक! परत मागे जाणार कुठे? ट्रॉलीच्या मागे माझ्या जागी एक जीप येऊन चिकटली होती.

मामंजी ओरडले, "सूनबाई, खालचा गियर टाक!" आणि स्वतःच पायाखालची मॅट क्लचसारखी दाबू लागले.

घाबरून मी ॲक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला. खाली खट् झालं. गाडी आपणहून दोन गियर खाली उतरली, इंजिन गरजलं, आणि ट्रक यायच्या आत आम्ही ट्रॉलीच्या पुढे!

बागलीला उतरल्यावर मामंजींनी बॉनेटवर हळूच हात ठेवला आणि म्हणाले, "ओरडलो तुझ्यावर, सूनबाई. ऐकलं मात्र हिने."